श्रेयनामावलीतली देणी

पांढुर्ण्याला कॅमेरा नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव उभं राहतं, आणि दिवसभर एकमेकांवर गोटे चालतात; हीच इथली गोटमार. त्या एका दिवसासाठी वाहिन्यांची माणसं येतात, फुटलेली डोकी आणि काठावरची गर्दी टिपतात आणि संध्याकाळी निघून जातात. ज्यांचे चेहरे देशभर दिसले, त्यांची नावं बहुधा कुणी विचारत नाही. बातमीत ते ‘जखमी’ असतात, नाही तर ‘गर्दी’. बातमीच्या घाईत हे समजण्यासारखं आहे. पण याच पट्ट्यात एखादा तरुण दिग्दर्शक पंधरा-वीस माणसं घेऊन स्वतंत्र चित्रपट करायला उतरतो, तेव्हा गावाचा हा जुना अनुभव आधी त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. मग गावातलाच कुणी शिक्षक, किराणा दुकानदार किंवा माजी सरपंच त्याच्यासाठी शब्द टाकतो, ही पोरं भली आहेत असं चार घरी जाऊन सांगतो, आणि दारं उघडतात. निर्मात्याचा पहिला रुपया खर्च होण्याआधी या माणसाने आपली पत लावलेली असते. छोट्या चित्रपटाने आभार मानायचे ते इथून पुढे. ते सौजन्य म्हणून मानले तर चित्रपट संपताना एका ओळीत उरकतात. माझं म्हणणं असं की ते हिशेब म्हणून मांडायला हवेत: कुणी काय घातलं, त्याचं काय मोल आलं, आणि ते कुणाच्या नावावर जमा केलं.

स्वतंत्र चित्रपटाला हा मुलूख मोह घालील असाच आहे. हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा झाला आणि छिंदवाडा जिल्ह्यातला पांढुर्णा-सौंसरचा हा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, तहसील कचेरीत हिंदी, आसपासच्या गावांत पवारी आणि गोंडी. संत्र्याच्या बागा, कापसाची काळी जमीन, मागे सातपुड्याचे डोंगर, सौंसरजवळ जामसावळीचा झोपलेला मारुती. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, त्यामुळे कॅमेरा आणि दिवे नागपूरहून भाड्याने आणता येतात. मध्य प्रदेश शासनाने २०२० मध्ये चित्रपट पर्यटनाचं धोरण आणून चित्रीकरणाला अनुदानही ठेवलं. कागदावर हिशेब करणाऱ्या निर्मात्याला हे सगळं स्वस्त वाटतं. ते स्वस्त का पडतं, हा प्रश्न मात्र त्या कागदावर नसतो.

एकेक बाब घेऊन पाहू. आजकालचे बहुतेक स्वतंत्र चित्रपट संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करतात, कारण पुन्हा स्टुडिओत जाऊन डबिंग करायला पैसे नसतात आणि गावातल्या नवख्या नटाला ते जमतही नाही. म्हणजे ‘रोल’ म्हटल्यावर शंभर-दोनशे मीटरच्या परिसरात शांतता हवी. पिठाची गिरणी थांबवायची, ट्रॅक्टर वळवायचा, देवळावरचा भोंगा बंद ठेवायचा, विहिरीवरचा पंप बंद करायचा. शेतीची वीज ठरावीक तासांनीच येते. पंप दोन तास बंद राहिला तर संत्र्याची पाण्याची एक पाळी चुकते. शहरातल्या स्टुडिओत शांततेचं तासाला भाडं लागतं, इथे ती गाव फुकट देतं. घराचंही तसंच. एखाद्या ओसरीवर पहिल्या दिवशी चित्रीकरण झालं आणि उरलेला भाग बारा दिवसांनी व्हायचा असेल, तर मधल्या काळात त्या घराने भिंत सारवायची नाही, कणगी हलवायची नाही, दाराचं तोरण बदलायचं नाही. घर बारा दिवस दुसऱ्याच्या गोष्टीत अडकून पडतं. आणि दिवस हिवाळ्याचे निवडले, उजेड छान मिळतो म्हणून, तर ते आंबिया बहाराच्या तोडणीचे आणि कापूस वेचणीचेही दिवस. बाजाराच्या दृश्यात उभा राहिलेला माणूस त्या दिवशीची मजुरी सोडून उभा असतो. संवादांचं तर बोलायलाच नको. पुण्या-मुंबईत लिहिलेलं वाक्य इथली बाई ऐकते आणि म्हणते, ‘असं कोन बोलते जी आमच्याकडे?’ आणि बोलून दाखवते. चित्रपटात ते तिचं वाक्य जातं, संवादलेखक म्हणून नाव दुसऱ्याचं.

हा प्रश्न फक्त गावकऱ्यांचा नाही, शहरातून आलेल्या टोळीचाही तोच आहे. मोठ्या चित्रपटात दिव्यांच्या खात्याचीच माणसं छोट्या चित्रपटाच्या सगळ्या चमूपेक्षा जास्त असतात. इथे एकच माणूस आवाज मुद्रित करतो आणि बूमही धरतो. कलादिग्दर्शकाची सहायक सकाळी घराची मांडणी करते आणि दुपारी वेशभूषेचे कपडे वाळत घालते. सगळ्यात आधी उठून चहा ठेवणारे आणि पॅकअपनंतर सगळ्यात शेवटी जेवणारे स्पॉटदादा असतात. यातल्या कित्येकांनी नेहमीच्या निम्म्या दराने, किंवा पुढे पैसे आले तर घेऊ या बोलीवर काम पत्करलेलं असतं. हे त्या चित्रपटाला दिलेलं कर्जच आहे, फक्त त्याला कुणी कर्ज म्हणत नाही. ‘अनुभव मिळेल’ हे वाक्य अशा ठिकाणी फार चालतं. अनुभव मिळतो हे खरं, पण तो सिद्ध करायला पडद्यावर नाव लागतं. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला पुढचं काम मिळतं ते मागच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर. ते नाव गळलं किंवा चुकीच्या पदाखाली गेलं, तर तीस दिवसांचं काम त्याच्या खात्यात येतच नाही.

आपल्याकडे ही वजाबाकी चित्रपटाच्या जन्मापासून चालत आली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. दादासाहेब फाळक्यांची जिद्द, विमा गहाण टाकणं, लंडनची वारी हे सगळं शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्यांच्या दादरच्या बंगल्यात चित्रपटाच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणं ही कामंही त्यांनी केली. आजच्या भाषेत ही उत्पादन व्यवस्थापक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि लाइटमन अशी तीन खाती झाली. त्यांचे दागिनेही या खटाटोपात गेले. तारामती झालेले अण्णा साळुंके उपाहारगृहात काम करणारे होते, पण ते पडद्यावर दिसले म्हणून इतिहासात राहिले. सरस्वतीबाई दिसल्या नाहीत, आणि त्यांची नोंद पक्की व्हायला अनेक दशकं जावी लागली. यात फाळक्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तेव्हा श्रेयनामावली ही चीजच आजच्यासारखी नव्हती. पण पुढच्या शंभर वर्षांत ती आली, वाढली, आणि तरी घरातून, स्वयंपाकघरातून, अंगणातून आलेलं काम मोजायची सवय काही लागली नाही.

मोजलं तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ १९७६ मध्ये आला तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पाटी येते ती याच शेतकऱ्यांच्या नावाने: ते हा चित्रपट सादर करत आहेत. पाच लाख नावं पडद्यावर लिहिणं अशक्यच, पण सादरकर्ते कोण हे सांगायला एक पाटी पुरली, आणि ती शेवटी आभारांत न ठेवता सर्वांत आधी ठेवली. पैसा कुठून आला याचा तो सरळ जमाखर्च होता. पुनरुज्जीवित प्रत २०२४ मध्ये कानला दाखवली गेली तेव्हाही चित्रपटाच्या बरोबरीने या दोन रुपयांची गोष्ट सांगितली गेली. ज्यांनी घातलं त्यांचं नाव लावल्याने चित्रपटाचं काही कमी झालं नाही.

विदर्भातलं अलीकडचं उदाहरण ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या डोंगरगावात चित्रित केला, आणि भूमिका केल्या त्या व्यावसायिक नटांनी नव्हे, तिथल्याच माणसांनी. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातला तो पाटावरचा ताण, कापसाच्या भावाने वाकलेला बाप, पाहुण्यांचे ठरलेले प्रश्न या सगळ्याला जो खरेपणा आहे तो अभिनयाच्या कार्यशाळेत शिकवता येत नाही. २०२३ मध्ये टोरंटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. पांढुर्ण्या-सौंसरच्या प्रेक्षकाला या चित्रपटातली बोली आणि पीक दोन्ही घरचं वाटेल. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली, ते आयुष्यभराचे कार्यकर्ते होते, आणि त्या भूमिकेचं वजन त्यांच्या जगण्यातून आलं होतं. नागराज मंजुळ्यांच्या ‘फँड्री’तल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याआधी त्याने कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. अशा चित्रपटांत नट आणि त्याचं आयुष्य वेगळं काढता येत नाही. म्हणून ‘गावकरी मंडळी’ एवढ्या दोन शब्दांत सगळ्यांना गुंडाळणं मला तोकडं वाटतं. माणसांनी स्वतःचं जगणं दिलं असेल तर नाव त्यांचं स्वतःचं हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पैसे दिले की विषय संपला, आभार कशाला? त्याची उलट बाजूही तितकीच ऐकू येते: एवढं पडद्यावर नाव लावलं, आता पैसे कशाला? दोन्हींना एकाच प्रसंगातून उत्तर मिळतं, आणि तो प्रसंग मध्य प्रदेशातलाच आहे. ‘पीपली लाइव्ह’ रायसेन जिल्ह्यातल्या बडवाई गावात चित्रित झाला. त्यातलं महागाईवरचं गाणं २०१० मध्ये देशभर वाजलं. गाण्याचं श्रेय रघुवीर यादव यांच्या जोडीने बडवाईच्या ग्राममंडळीला मिळालं, म्हणजे नाव लागलं. तरी मानधन फारच थोडं दिल्याची तक्रार झाली, ती वर्तमानपत्रांत गाजली आणि मग निर्मात्यांनी मंडळीला वाढीव रक्कम दिली. नाव दामाची जागा घेत नाही, हे त्यातून दिसलं. पण त्याच वेळी हेही दिसलं की मंडळीला दाम मागता आला तो नाव लागलेलं होतं म्हणून. ज्या माणसाचं श्रेय कुठेच नोंदलेलं नाही, तो तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार? नाव हा पावतीसारखा पुरावा आहे, आणि पावती हातात आहे म्हणून कुणी देणं बुडवायचं नसतं.

कायद्याकडे पाहिलं तर ही गोष्ट आणखी ठसठशीत होते. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला, आपण केलेल्या सादरीकरणाचे आपण कर्ते आहोत असं सांगण्याचा नैतिक अधिकार मिळाला. पण ‘कलावंत’ या व्याख्येला त्याच दुरुस्तीने एक पुरवणी जोडली. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजानुसार श्रेयनामावलीत किंवा इतर कुठे ज्याचा उल्लेख होत नाही, तो या अधिकारापुरता कलावंत धरला जाणार नाही. त्याच्या हाती उरतो तो एकच हक्क: सादरीकरणाची मोडतोड करून नाव खराब केलं तर दाद मागण्याचा. आता याचा अर्थ पाहा. उल्लेख न करण्याचा रिवाजच उल्लेख मागण्याचा हक्क काढून घेतो. बाजारात उभी राहिलेली बाई, बैलगाडी हाकणारा गडी, भजनात टाळ वाजवणारा म्हातारा यांना कलावंत म्हणायचं की नाही, हे कायद्याने बऱ्याच अंशी चित्रपट करणाऱ्यांच्या सवयीवर सोडलं आहे. मोठ्या उद्योगाची सवय बदलणं कठीण. छोट्या चित्रपटाला मात्र कसलाच रिवाज पाळायची सक्ती नाही, तो नवा पाडू शकतो. लेखी कराराचंही असंच आहे. चित्रपट कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये हे बंधन १९८१ च्या कायद्याने घातलं, पुढे ते २०२० च्या कामगार संहितेत आलं. तरी छोट्या चित्रीकरणांत तोंडी बोलीच चालते.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. चित्रपट ही शेवटी एका दृष्टीची निर्मिती आहे. दोनशे नावांची यादी लावली म्हणून ती दोनशे जणांची होत नाही, आणि शेवटची नावं वाचायला प्रेक्षक बसतही नाही. पहिला भाग मान्य आहे. कोणतं दृश्य ठेवायचं, कुठे कापायचं, मौन किती वेळ धरायचं याचा निर्णय दिग्दर्शकाचा आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. श्रेय दिल्याने निर्णयाचा हक्क वाटला जात नाही, जसा ‘मंथन’वरचा बेनेगलांचा हक्क पाच लाख शेतकऱ्यांमुळे कमी झाला नाही. दुसऱ्या भागाबद्दल एवढंच म्हणेन की ही यादी परक्या प्रेक्षकासाठी नसतेच. मुंबईच्या चित्रपटगृहात दिवे लागल्यावर लोक उठून जातील, पण सौंसरच्या एखाद्या घरात तो भाग मोबाइलवर थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहिला जाईल. सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात ‘पंचायत’ ही मालिका चित्रित झाली, आणि आता लोक तिथे मालिकेतलं फुलेरा पाहायला येतात. कल्पित गाव खऱ्या गावापेक्षा प्रसिद्ध होतं, तेव्हा खऱ्याचं नाव कुठेतरी ठळक लिहिलेलं असणं ही फार साधी अपेक्षा आहे.

तिसरी अडचण आक्षेपाहून वेगळी आहे. सगळ्यांनाच नाव हवं असतं असं नाही. एखाद्या सुनेने सासरच्यांना न विचारता दोन वाक्यं बोललेली असतात. एखाद्याने कर्ज, दारू किंवा जात यांवर बेधडक बोलून दाखवलेलं असतं आणि नंतर त्याला गावात राहायचं असतं. गोटमारीसारखा विषय असेल तर प्रशासनाच्या मनाईचाही प्रश्न येतो. अशा वेळी न विचारता नाव लावणं हा आभार नव्हे, अडचणीत टाकणं झालं. त्यामुळे विचारणं हाच कामाचा मुख्य भाग ठरतो: नाव लावू का, कोणतं लावू, कसं लिहू. या भागात एकाच माणसाचं नाव आधार कार्डावर हिंदी वळणाने, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने आणि गावात तिसऱ्याच रीतीने असतं. त्यातलं कोणतं पडद्यावर जावं हे त्यालाच ठरवू द्यायला हवं.

आणि पैसा नसतो हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण आभाराचे काही प्रकार पैशाने महाग नसतात, फक्त ते आधी ठरवावे लागतात. चित्रपट परदेशी महोत्सवातून फिरून आला की त्याचा एक खेळ पांढुर्ण्याच्या शाळेच्या मैदानात किंवा सौंसरच्या मंगल कार्यालयात लावता येतो. ज्यांच्या घरात चित्रीकरण झालं त्यांना प्रत देता येते. स्थिरचित्रकाराने काढलेले फोटो छापून घरोघरी पाठवता येतात. पुढे ओटीटीवर विक्री झाली तर मागे राहिलेलं मानधन आधी चुकतं करायचं, असं एका ओळीत करारात लिहिता येतं. मुलांच्या बाबतीत तर सरकारने २०१७ च्या नियमांत हे बंधनकारकच केलं आहे: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, सलग तीन तासांपेक्षा अधिक उभं करायचं नाही, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. कौतुकाची थाप ही भावना झाली. ती ठेव पोराच्या पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडते. मोठ्यांसाठी असा नियम नाही, तर दिग्दर्शकाने स्वतः करावा.

हे सगळं चित्रीकरण संपल्यावर आठवून करायचं म्हटलं तर होत नाही. संकलनाला सहा-आठ महिने जातात, सहायक दुसऱ्या कामाला लागतात, फोन नंबर बदलतात, आणि शेवटी कुणीतरी घाईघाईने ‘समस्त ग्रामस्थ’ असं टंकून मोकळं होतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात बदल केला तर तो मंडळाला कळवावा लागतो, आणि चित्रपटगृहासाठीची प्रत पुन्हा काढायची तर त्याचा वेगळा खर्च येतो. म्हणून राहून गेलेलं नाव सहसा राहूनच जातं. यावर उपाय रोजचा आहे. दिग्दर्शनाचा सहायक संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं कॉलशीट काढतो, त्याच वेळी त्याने एका वहीत आजची पानं भरायची: कुणाचं अंगण वापरलं, कुणी गिरणी बंद ठेवली, जेवण कुणी रांधलं, कुणी वाक्य सुधारून दिलं, बैल कुणाचे होते, या सगळ्या माणसांची नावं त्यांच्या सांगण्याप्रमाणे कशी लिहायची, आणि प्रत्येकाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं. या वहीला रोजचा अर्धा तास लागतो, आणि तो चित्रीकरणाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून धरता येतो.